आमच्या दूरध्वनी चाळणीची यशोगाथा

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ही म्हण लहानपणापासून सगळेच ऐकतात, पण तिच्यातून योग्य तो प्रशासकीय निष्कर्ष काढण्याचे धैर्य आजवर फक्त आमच्या कंपनीने दाखवले. बघण्याने जर जग फसत असेल, तर ज्याला फसायचे नाही त्याने बघणेच बंद करावे. आमच्या साहेबांनी हे पाऊल उचलले आणि नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवारांकडे बघणे बंद केले. तेव्हापासून आमच्याकडे निवड होते ती फोनवर.

आमची कंपनी लोखंडी जिने बनवते. घराचे, गोदामाचे, दवाखान्याचे आणि आग लागल्यावर पळून जाण्याचे. (शेवटचा प्रकार सर्वांत जास्त खपतो आणि सर्वांत कमी वापरला जातो, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रारी येत नाहीत. आदर्श माल.) जिना बनवण्याआधी तो कागदावर काढावा लागतो. जो काढतो त्याला आरेखक म्हणतात. ही हकिगत अशाच एका आरेखकाच्या जागेची आहे.

मी मनुष्यबळ विभागातील दूरध्वनी चाळणी कक्षाचा प्रमुख. कक्षात मी, एक टेबल, एक फोन आणि एक खिडकी आहे. खिडकी उघडत नाही. उघडली तर बाहेरचे जग आत येते आणि उमेदवारांना ते ऐकू जाते.

पूर्वी आमच्याकडेही इतरांसारखे उमेदवाराला प्रत्यक्ष बोलावत. तो येई, खुर्चीच्या टोकावर बसे, समोरचे पाणी प्यावे की नको या विचारात ग्लासाकडे बघत राही. साहेबांना ते बघवत नसे. शिवाय समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणे फार जिवावर येते. त्याला डोळे असतात. फोनला डोळे नसल्यामुळे निवड एकदम निःपक्षपाती झाली, आणि साहेबांचा रक्तदाबही उतरला.

काही दिवस आम्ही दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या : आधी फोन, मग प्रत्यक्ष भेट. पण दोन्हींचे निकाल जुळत नसत. फोनवरचा पोपट समोर आला की मूग गिळून बसे, आणि फोनवरचा दगड समोर आला की कामाचे चार शब्द बोलून जाई. त्यामुळे फोनवरील निकालाविषयी विनाकारण शंका निर्माण होऊ लागली. शंकेचे मूळ प्रत्यक्ष भेटीत आहे हे ध्यानात आल्यावर प्रत्यक्ष भेट रद्द करण्यात आली. शंका त्याच दिवशी मिटली.

आमची गुणपद्धती साधी आहे. आवाजातील उत्साहाला तीस गुण. न अडखळता बोलण्याला तीस. ऐकू येईल अशा स्मितहास्याला वीस. (स्मितहास्य ऐकू येते. मला सुरुवातीला येत नसे, सरावाने येऊ लागले.) आजूबाजूच्या शांततेला पंधरा. राहिलेले पाच गुण कामाच्या माहितीला. हे पाच मी बहुतेक सर्वांना देऊन टाकतो, कारण जिन्यातले मला काही कळत नाही आणि कोणावर अन्याय नको.

फोन कधी येणार हे उमेदवाराला कळवत नाहीत. बेसावध माणूसच खरा माणूस, असे साहेबांचे मत आहे. एकाला आमचा फोन न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना आला. तो उरलेली अर्धी तशीच ठेवून बोलला आणि आज आमच्या विक्री विभागात आहे. दुसऱ्याला सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत आला. त्याला शांततेचे पंधरापैकी पंधरा मिळाले, मात्र स्मितहास्यात तो कमी पडला.

एक नियम तेवढा कडक आहे. उमेदवार चार सेकंदांहून जास्त गप्प राहिला, तर 'संपर्क तुटला' असा शेरा मारून फोन ठेवायचा. माणूस गप्प बसला आहे की फोन बंद पडला आहे हे फोनवरून कळत नाही. आणि ज्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळत नाही त्या एकच मानाव्यात, हे शास्त्राला धरून आहे.

या नियमाखाली आरेखकाच्या जागेसाठी अर्ज केलेली एक मुलगी सापडली.

तिला एक जुनी खोड होती. कोणी काही विचारले की ती आधी विचार करी आणि मग बोले. पहिला फोन गेला तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," मी म्हणालो.

ती विचार करू लागली. स्वतःबद्दल थोडे काय आणि जास्त काय, हे ठरवणे सोपे नाही हे मलाही मान्य आहे. पण घड्याळाला ते मान्य नव्हते. संपर्क तुटला.

दुसऱ्या वेळी मी विचारले, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" या प्रश्नावर आजवर एकाही उमेदवाराने खरोखर बघितलेले नाही. सगळे पाठ केलेले उत्तर देतात आणि सुखी होतात. ही मुलगी बघू लागली. मला पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. ती बहुधा तिसऱ्या वर्षापर्यंत पोचली असावी. संपर्क तुटला.

संपर्क तुटणे म्हणजे नापास होणे नव्हे, कारण त्यात उमेदवाराचा दोष नसतो. म्हणून आम्ही तिच्या भागातील फोनसेवेबद्दल रीतसर तक्रार केली. 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे' असे उत्तर उलटटपाली आले. आता तिसरा आणि शेवटचा फोन करण्यास हरकत नव्हती.

येथे मुलीच्या घराची माहिती देणे आवश्यक आहे. घरात तीन माणसे. वडील घड्याळे दुरुस्त करत. गिऱ्हाईक म्हणे, याच्याकडे दिलेले घड्याळ बोलू लागते, हा स्वतः काही बोलत नाही. मुलगी वडिलांच्या वळणावर गेलेली. आणि तिसरी तिची आत्या. मुलीची आई वारली तेव्हा आत्या भावाच्या घरी आल्या त्या कायमच्याच, आणि तिघांच्या वाटणीचे बोलणे त्यांनी एकटीच्या अंगावर घेतले. दूधवाल्याशी त्या बोलत, घरमालकाशी त्या बोलत, शाळेत त्या बोलत. वडिलांचा दात दुखला तर दातांच्या डॉक्टरांना कुठे आणि कसे दुखते हेही त्याच सांगत.

आत्यांचा हा पेशाच होता. बसस्थानकावर उद्घोषणा करण्याच्या खोलीत त्यांनी उभा जन्म काढला. गाडी उशिरा येणार असल्याचे त्या अशा काही आवाजात सांगत, की भांडायला उठलेली माणसे परत बाकावर टेकत आणि पिशवीतला डबा उघडत. झालेल्या गैरसोयीबद्दल त्या इतक्या मनापासून दिलगिरी व्यक्त करत, की एकदा एक प्रवासी खोलीपर्यंत येऊन 'बाई, एवढं लावून घेऊ नका' असे समजावून गेला होता. पुढे स्थानकाने यंत्र आणले. यंत्र दिलगीर होते, पण सर्वांबद्दल सारखेच. आत्या निवृत्त झाल्या.

माणूस निवृत्त होतो, गळा होत नाही. आत्या घरात उद्घोषणा करू लागल्या. "दूध थोड्याच वेळात उतू जाण्याची शक्यता आहे. संबंधितांनी स्वयंपाकघराकडे प्रस्थान करावे." किंवा, "आंघोळीचं पाणी न्हाणीघरात येऊन लागलेलं आहे." संबंधित दोघेही निमूटपणे उठत. दाद मात्र कोणी देत नसे, आणि आत्यांच्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट कमी होती.

(ही सगळी माहिती मला आत्यांनी फोनवर दिलेली आहे. म्हणून ती खरी आहे.)

तिसरा फोन आला तेव्हा तिघेही घरात होते. फोन टेबलावर वाजत होता आणि मुलगी त्याच्याकडे साप निघाल्यासारखी बघत होती.

"घे ना," आत्या म्हणाल्या.

"नाही जमणार मला, आत्या. मी बोलायला लागेपर्यंत ते ठेवून देतात."

"बरं, आण इकडे."

"आत्या, नको—"

पण आत्यांनी फोन उचलला होता.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "स्वतःबद्दल थोडं सांगा."

"अवश्य," असा आवाज आला, आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. शेजारच्या खोलीत साहेब दुसऱ्या फोनवरून ऐकत असतात. त्यांचीही खुर्ची करकरलेली मला भिंतीतून ऐकू आली.

"आपला एखादा दोष सांगू शकाल?"

"सांगते की. झालेल्या गैरसोयीबद्दल मला फार वाईट वाटतं हो. गैरसोय मी केलेली नसली तरीसुद्धा वाटतं. काय करणार, स्वभाव."

"आमच्याच कंपनीत का यावंसं वाटतं?"

"आता बघा, जिना म्हणजे काय? माणूस खाली असतो आणि त्याला वर जायचं असतं. मधल्या मध्ये त्याला कोणीतरी धीर द्यायला नको का?"

साहेबांच्या खोलीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

शेवटचा प्रश्न कामाचा. "पायरीची उंची किती असावी?"

"प्रवाशांच्या सोयीनुसार," आत्या म्हणाल्या.

पाचपैकी पाच. एकूण सत्त्याण्णव, म्हणजे कक्षाच्या स्थापनेपासूनचा उच्चांक. तीन गुण कापावे लागले, कारण मागे कोणीतरी "आत्या, पुरे" असे म्हणाल्याचा भास झाला होता.

नेमणुकीचे पत्र गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा भांडण झाले. घराच्या मानाने ते मोठे होते, म्हणजे त्यात तिघेही बोलले.

"ही लबाडी आहे," मुलगी म्हणाली.

"लबाडी कसली आलीय? शाळेत तुझा प्रवेश कोणी बोलून घेतला? मीच ना? तेव्हा नाही वाटली ती लबाडी?"

"तेव्हा मी बोबडी होते."

"मग आता कोण मोठी फर्डी झालीस?"

वडिलांनी डोळ्यावरचे भिंग काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. काम तर तीच करणार आहे ना." एवढे बोलून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले. वडिलांचा युक्तिवाद बिनतोड होता, पण नोकरीचा कामाशी संबंध असतो अशी त्यांची समजूत दिसली. दुकानात बसून काम करणाऱ्या माणसाचा अनुभव तोकडाच राहतो.

मुलगी कामावर आली. तिला खिडकीजवळचे टेबल मिळाले. साहेब स्वतः स्वागताला गेले. "या! बोला!" ते हात पसरून म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करू लागली.

साहेब थोडा वेळ तिथेच थांबले. आणखी काही येईल असे त्यांना वाटत होते. मग ते माझ्याकडे आले. "हीच का ती?"

मी तपासले. नाव तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच. कर्मचारी अस्सल होता. फक्त त्याच्यातला आवाज कोणीतरी काढून घेतला होता.

दिवस जात होते. ती वेळेवर येई, खाली मान घालून काम करी आणि वेळेवर जाई. तिने काढलेले कागद येत. मी ते फाईलला लावी. तिच्या टेबलावरचा फोन वाजला की ती हात थांबवून तो वाजायचा थांबेपर्यंत वाट बघे. एका गिऱ्हाइकाने फारच लावून धरले तेव्हा तिने फोन उचलला आणि "मी काढून दाखवू का?" असे विचारले. फोनवर काढून दाखवता येत नाही हे गिऱ्हाइकाने तिच्या निदर्शनास आणून दिले.

साहेबांना हे जिव्हारी लागले. त्यांच्या सांगण्यावरून मी तिला एक ज्ञापन दिले : 'नियुक्तीच्या वेळी सादर केलेला आवाज आपल्याजवळ आढळून येत नाही. तरी तो सात दिवसांत कार्यालयात हजर करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल.' तिने ते दोनदा वाचले. मग माझ्याकडे बघितले. मी फोनकडे बघितले.

आवाज हजर झाला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे दूरध्वनी पुनर्पडताळणी करावी लागली. ही पडताळणी उमेदवाराने मुलाखतीत दिलेल्या घरच्या क्रमांकावर आणि कार्यालयीन वेळेतच करायची असते. मी क्रमांक फिरवला. समोर दाराच्या काचेपलीकडे मुलगी पट्टीने रेघ मारत होती, आणि माझ्या कानात तोच आवाज म्हणाला, "नमस्कार! बोला ना."

मी बोललो. बराच वेळ बोललो. अठ्ठ्याण्णव गुण.

निष्कर्ष उघड होता. सदर कर्मचारी घरी असताना उत्तम आहे, कार्यालयात असताना वाईट आहे. म्हणजे दोष कार्यालयाचा. (कर्मचारी एकाच वेळी दोन्हीकडे कसा, हा प्रश्न मला पडला होता. पण गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही.) पिण्याचे पाणी तपासून घेण्यात आले. पंख्याला तेल घालण्यात आले. मन प्रसन्न राहावे म्हणून तिच्या टेबलावर एक कुंडी ठेवण्यात आली. घशाच्या डॉक्टरांना बोलावण्यात आले. त्यांनी तिला 'आ' करायला सांगितले, तिने केला, आणि आत सर्व काही जागच्या जागी असल्याचा दाखला डॉक्टर देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कक्षात आली. दार लावून घेतले. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. आधी थोडा वेळ तिने विचार केला. समोरासमोर असल्यामुळे मला तो थांबवता आला नाही.

"फोनवर मी नव्हते," ती म्हणाली. "आत्या होती. दोन्ही वेळा. मला फोनवर बोलता येत नाही, कधीच आलेलं नाही. मला काम येतं. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा, पण त्या कुंडीचं आणि डॉक्टरांचं पुरे करा आता."

तिला एवढे बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. मी तिला अतिशय सौम्यपणे समजावले की दूरध्वनी मुलाखतीसंबंधीचे कोणतेही निवेदन दूरध्वनीवरूनच करावे लागते. तोंडी निवेदन ग्राह्य धरता येत नाही.

"हेसुद्धा?"

"हेच तर मुख्य," मी म्हणालो.

ती आपल्या जागेवर गेली. तिने फोन उचलला. माझा फोन वाजला. मी उचलला. काचेतून ती मला स्वच्छ दिसत होती. तिने ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले. काय सांगायचे ते तिने मला आत्ताच सांगितले होते, पण या काळ्या नळीत ते कुठून सुरू करावे हे तिला सापडत नव्हते. मी चार सेकंद थांबलो. मीही माणूस आहे, पाचवाही थांबलो. मग शेरा लिहिला.

मी फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ आपला फोन कानाला लावून उभी होती. पुढे मान खाली घालून बसली. समोरचा कागद त्या दिवशी थोडा भिजलेला आला. कुंडीचे पाणी सांडले असावे.

त्या रात्री घरी तिने ताट तसेच सरकवले आणि "उद्यापासून मी जाणार नाही," एवढेच म्हणाली. आत्यांनी खोदून खोदून विचारले तेव्हा ज्ञापन, कुंडी, डॉक्टर, सगळे बाहेर आले. आत्यांनी त्यावर एकही उद्घोषणा केली नाही. भाऊ घाबरून भिंग काढून बघत राहिला.

सकाळी आत्या स्वतः आमच्या कार्यालयात आल्या. बाहेर जायचे कपडे, हातात पर्स, आणि मागून ओढल्यासारखी येणारी भाची. रखवालदाराने अडवले. भेटीची वेळ ठरली आहे का, कोणाशी, कशासाठी. आत्यांनी बाहेरच्या दालनातल्या गर्दीकडे एकदा बघितले, घसा साफ केला आणि आपल्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, "कृपया इकडे लक्ष द्यावे."

दालनातली झाडून सगळी माणसे उठली आणि त्यांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फलाट कोणता असे विचारले. आवाज ऐकून साहेब धावतच बाहेर आले.

"आल्या का त्या? कुठे आहेत?"

"ही काय, समोर उभी आहे," आत्या म्हणाल्या. "फोनवर मीच होते. काय बोलायचं ते मला बोला, माझ्या पोरीला का छळता?"

साहेबांनी त्यांच्याकडे बघितले. पांढरे केस, जाड चष्मा, झिजलेल्या चपला. साहेबांचा चेहरा पडला. "बाई, मस्करी नको. तो आवाज पंचविशीतल्या मुलीचा आहे."

"आवाजाला सुरकुत्या पडत नाहीत हो."

"असं करा," साहेब म्हणाले, "तुम्ही पलीकडच्या खोलीत जा आणि तिथून मला फोन करा."

आत्यांनी कपाळावर हात मारला, पण गेल्या. फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हं, आता बोला!"

मीही दुसऱ्या फोनवरून ऐकत होतो. आत्या म्हणाल्या, "माझी पोरगी धड जेवत नाही. उमेदीनं आली होती हो तुमच्याकडे. तिच्याकडे एकदा नीट बघा तरी."

"बघणं आम्ही बंद केलं आहे," साहेब म्हणाले. "आणि त्याची गरजही नाही. नेमणूक आवाजाची झाली होती. म्हणजे जागा आवाजाची. भाची चुकून आली. उद्यापासून तुम्ही या."



"मी?"

"तुम्हीच. वयाची अट तीस आहे, पण आवाज अटीत बसतो."

"अहो, मला साधी सरळ रेघ मारता येत नाही!"

"किती हा विनय!" साहेब फोनवर हात ठेवून मला म्हणाले. "यालासुद्धा काही गुण असायला हवेत."

मग आत्या बोलल्या. आजवर उशिरा आलेल्या सगळ्या गाड्यांचे त्यांनी एकदम उट्टे काढले. कंपनी खड्ड्यात जावो, साहेबांच्या जिन्यावरून साहेबच गडगडोत, आणि माझी सात पिढ्यांत कोणी दखल न घेवो, असे त्यांचे साधारण म्हणणे होते. "आणि झालेल्या गैरसोयीबद्दल मी मुळीच, मुळीच दिलगीर नाही," असा त्यांनी समारोप केला. फोन आदळला, भाचीचा हात धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या.

साहेब फोन कानाला लावून तसेच उभे होते. "काय बोलतात!" ते म्हणाले. "एकदाही अडखळल्या नाहीत."

रस्त्यात आत्यांचा सगळा जोर ओसरला. पोरीचे आपणच वाटोळे केले, असे त्या दर कोपऱ्यावर म्हणत होत्या. भाची म्हणत होती, "चल गं, होऊ दे," आणि त्यांची पर्स आपल्या हातात घेऊन चालत होती. वाटेत एक पत्र्याची शेड लागली. बाहेर जुनी दारे, जाळ्या, अर्धवट कठडे, आणि आत ठिणग्या. मालक वेल्डर. इतकी वर्षे लोखंड ठोकून त्याचे कान गेलेले होते. भाची थांबली. आत्यांना काही कळायच्या आत ती शेडमध्ये शिरली.

आत्याही मागोमाग गेल्या आणि सवयीने म्हणाल्या, "नमस्कार, ही माझी भाची, हिला—"

वेल्डरने कानाकडे बोट दाखवून हात हलवला. काही ऐकू येत नाही.

भाचीने खांद्यावरच्या पिशवीतून जिन्याच्या आरेखनाची गुंडाळी काढली आणि लोखंडी टेबलावर पसरली. वेल्डरने हात फडक्याला पुसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. मग त्याने एका जागी बोट ठेवून तिच्याकडे बघितले. तिने मान हलवली आणि दुसऱ्या जागी बोट ठेवले. त्याने पुन्हा वाकून बघितले. डोके खाजवले. हसला. मग त्याने पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवले.

आत्या दाराशी उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना मध्ये बोलायला बोलावले नव्हते. त्यांना रडू आले ते कशामुळे, हे त्यांना मला अजून नीट सांगता आलेले नाही.

सदर मुलाखतीला मी आमच्या पद्धतीने गुण देऊन पाहिले. शून्य येतात. शांततेचेही मिळत नाहीत, मागे घण चालू होता.

मी आजही आत्यांना मधूनमधून फोन करतो, पुनर्पडताळणीसाठी. आधी त्या मला शिव्या देतात आणि मग भाचीची खुशाली सांगतात. दोन्ही ऐकायला सारखेच गोड लागते. भाचीने स्टूल सोडलेले नाही. वेल्डरने शेडवर नवी पाटी लावली आहे, तीवर तिचे नाव त्याच्या नावाखाली आहे, पण अक्षर त्याच्याइतकेच मोठे.

आमचेही उत्तम चालले आहे. त्या जागेवर आम्ही ज्याची निवड केली त्याला सगळे कौतुकाने मधाळ म्हणतात. मधाळने काढलेला पहिला जिना एका गोदामात बसवला तेव्हा तो वरच्या मजल्याच्या बराच खाली संपला. गोदामाचे मालक शेवटच्या पायरीवर जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी संतापून फोन केला. मधाळ त्यांच्याशी बोलला. शेवटी मालकांनीच आमची माफी मागितली, वरचा मजला जरा उंच झाल्याचे कबूल केले आणि दुसरा जिना मागवला. साहेबांना बढती मिळाली आहे.

आता आपल्याविषयी. ही हकिगत आपण इथपर्यंत वाचलीत. आत्यांच्या बोलण्यावर हसला असाल, साहेबांना मनात चार नावे ठेवली असतील, आणि भाचीबद्दल आपल्याला बहुधा वाईटही वाटले असेल. पण तिने काढलेला जिना होता कसा? सरळ की वळणाचा, भक्कम की डळमळीत, चांगला की टाकाऊ? मी ते कुठेच सांगितलेले नाही, आणि आपणही विचारले नाहीत. ती मुलगी गुणी आहे असे आपण ज्याच्या भरवशावर धरून चाललात, ते माझे बोलणे होते.

आमच्या कक्षात एक जागा भरायची आहे. आपली निवड झालेली आहे. सोमवारी रुजू व्हा.